पणजीचं माहेर

महाराष्ट्रातली माणसं आपल्या पूर्वजांच्या शोधात एवढ्या मोठ्या संख्येनं कधी बाहेर पडली असतील, तर ती २०२३ सालच्या अखेरीस. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीनं कुणबी नोंदी शोधायचं काम सुरू केलं आणि तहसील कचेऱ्यांतले वर्षानुवर्षं न सुटलेले रुमाल सुटले. खासरा पत्रक, पाहणी पत्रक, कुळ नोंदवही, हक्क नोंद पत्रक ही नावं चहाच्या टपरीवर ऐकू येऊ लागली. मोडी वाचणारा माणूस कुठे मिळेल याची चौकशी गावोगाव होत होती. मी नोकरीत असताना आवडीनं मोडी शिकले होते, त्यामुळे आजीच्या माहेरच्या मुलांनी मला संगमनेरला बोलावून घेतलं. आजी म्हणजे माझ्या आईची आई.

मोडीत आधी ओळभर शिरोरेषा ओढतात आणि मग तिला अक्षरं लटकवत जातात. शब्द कुठे तुटतो ते वाचणाऱ्यानं ठरवायचं, ह्रस्व-दीर्घ तर नसतंच. सवय मोडली की पहिला तासभर काही दिसत नाही, मग एकेक नाव वर येऊ लागतं. मुलांना हवी असलेली नोंद गाव नमुना नंबर १४ मध्ये मिळाली. ही गावची जन्म-मृत्यूची वही, लोक तिला कोतवाल बुक म्हणतात. पणजोबांचं नाव होतं, पुढे जातीच्या रकान्यात 'कु.' असं होतं. मुलांनी एकमेकांच्या पाठीवर थापा मारल्या आणि नकलेचा अर्ज लिहायला ती बाहेर गेली.

पण ती नोंद पणजोबांच्या मृत्यूची नव्हती. साल १९१८, महिना ऑक्टोबर. मजकूर असा : अमक्याची बायको, वय वीस, ताप. त्याच पानावर थोडं वर : अमक्याची आई, वय पंचेचाळीस, ताप. दोन्ही ठिकाणी 'अमका' म्हणजे पणजोबाच. दोन बायका गेल्या होत्या आणि पानावर नाव एका पुरुषाचं होतं, जो जिवंत होता.

ती वीस वर्षांची बायको माझी पणजी.

त्या पानावर आणि पुढच्या पानांवर 'ताप' हा शब्द एवढ्या वेळा आला आहे की लिहिणाऱ्यानं पुढे पुढे त्याचं फक्त पहिलं अक्षर लिहिलं आहे. ही मानमोडी. मुंबई बंदरात उतरलेला इन्फ्लूएंझा आगगाडीनं आणि पायवाटांनी घाट चढला आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर या तीन महिन्यांत त्यानं गावं रिकामी केली. हिंदुस्थानात सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत माणसं गेली असावीत असे अंदाज आहेत. या तापानं म्हाताऱ्यांपेक्षा कर्ती माणसं जास्त नेली, आणि त्यातही बायका जास्त. पाऊसही त्या वर्षी दगा देऊन गेला होता. घरातल्या आजाऱ्यांची सेवा कोण करत होतं आणि सगळ्यांत शेवटी कोण जेवत होतं, हे आठवलं की बायका जास्त का मेल्या याचं उत्तर शोधायला फार लांब जावं लागत नाही.

जनगणनेच्या आकड्यांतही हे दिसतं. आजच्या भारताच्या हद्दीत १९११ साली २५ कोटी २० लाखांच्या आसपास माणसं होती. १९२१ साली ती २५ कोटी १३ लाख भरली. आपल्याकडे दर दहा वर्षांनी मोजणी सुरू झाल्यापासून लोकसंख्या कमी झालेलं हे एकच दशक. शाळेत हा आकडा मी परीक्षेसाठी पाठ केला होता. त्या घटीत माझी पणजी आहे हे मला साठी जवळ आल्यावर कळलं.

पूर्वज शोधायचे म्हटल्यावर परदेशातली माणसं पहिल्यांदा जनगणनेकडे वळतात. इंग्लंडमध्ये १८४१ पासून घरोघरची नावं लिहिलेले कागद जपून ठेवले आहेत आणि शंभर वर्षं उलटली की ते लोकांना खुले होतात. १९२१ चे २०२२ च्या जानेवारीत झाले. अमेरिकेत हीच मुदत बहात्तर वर्षांची आहे. तिथला नातू आपल्या पणजीचं नाव, वय, धंदा, ती कुठे जन्मली, शेजारी कोण राहत होतं, सगळं घरबसल्या वाचू शकतो. आपल्याकडे पहिली जनगणना १८७२ च्या सुमारास झाली, आणि देशभर एकाच रात्री झालेली पहिली मोजणी १७ फेब्रुवारी १८८१ ची. त्या रात्री कंदील घेऊन फिरणाऱ्या गणकांनी कोट्यवधी माणसांची नावं लिहून घेतली. मग त्यांवरून तक्ते बनले, जाती आणि धर्म, भाषा, आंधळे, बहिरे, साक्षर अशा बेरजा झाल्या, जाडजूड अहवाल छापले गेले. नावांच्या कागदांचं काम संपलं होतं, ते नष्ट केले गेले. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या जनगणना कायद्याच्या पंधराव्या कलमानं तर या नोंदी कोणालाही पाहायला बंद केल्या. त्यामागचं कारण मला पटतं. लोकांनी खरं सांगावं असं वाटत असेल तर त्यांना तेवढं अभय द्यायलाच हवं. पण शंभर वर्षांपूर्वीच्या मेलेल्या माणसांच्या बाबतीत हे अभय कोणाच्या उपयोगी पडलं? त्या कागदांबरोबर कोट्यवधी साध्या माणसांचा एकमेव लेखी पुरावा गेला. ज्यांच्या नावावर जमीन नव्हती, वतन नव्हतं, खटला नव्हता, त्यांची नावं बहुधा तेवढ्या एकाच कागदावर आली होती.

एक अपवाद राहिला. १९५१ च्या जनगणनेच्या वेळी गणकांनी भरलेल्या चिठ्ठ्यांवरून गावोगाव नागरिकांचं राष्ट्रीय रजिस्टर उतरवून काढलं गेलं. कुणबी नोंदींच्या धांदलीत ही रजिस्टरंही बाहेर आली. त्यात मला माझी आजी भेटली. वय पस्तीस, नवऱ्याचं नाव, धंदा शेती, शिक्षण नाही. ज्या बाईच्या मांडीवर मी वाढले ती त्या रकान्यांत एका ओळीत बसली होती, आणि तिच्याखाली तिच्या मुलांच्या ओळी होत्या, त्यांत माझी आई. मी त्या पानाचा फोटो काढून मावशीला पाठवला. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "वय चुकलंय. आईला तिचं वय माहीतच नव्हतं." आजीची आई कोण हे मात्र त्या रजिस्टरला विचारता येत नाही, कारण लग्न झालेल्या बाईपुढे नवऱ्याचं नाव लागलं होतं.

इथे महाराष्ट्रातल्या बाईचा माग काढणाऱ्याची खरी अडचण सुरू होते. आपल्याकडे लग्नात आडनावाबरोबर पहिलं नावही बदलण्याची रीत घरोघर होती, अजूनही काही घरांत आहे. ताटात तांदूळ पसरून त्यावर सोन्याच्या अंगठीनं नवं नाव लिहायचं, पेढे वाटायचे, आणि त्या क्षणापासून माहेरचं नाव फक्त माहेरी. बापाच्या गावच्या वहीत जन्म नोंदला जाई तेव्हा मुलीचं बारसंच झालेलं नसे, म्हणून तिथे 'मुलगी' एवढंच. सासरच्या गावी मरे तेव्हा 'अमक्याची बायको'. या दोन नोंदी एकाच बाईच्या आहेत हे सांगणारा एकही कागद तेव्हा सरकारनं बनवलेला नव्हता. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मतदार याद्या करताना हाच प्रश्न देशापुढे आला. लाखो बायकांनी स्वतःचं नाव न सांगता अमक्याची आई, तमक्याची बायको एवढंच सांगितलं. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशी नोंद मान्य करायला नकार दिला आणि सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गाळली गेली. त्यातल्या बहुतेक उत्तरेतल्या राज्यांतल्या होत्या. सेन कठोर वागले असं काही जण म्हणतात. मला वाटतं, बाईला तिच्या नावानंच ओळखायचं हा आग्रह सरकारी कागदानं इतक्या ठामपणे पहिल्यांदा तेव्हाच धरला. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आईचं नाव लावायचं असं महाराष्ट्रानं ठरवलं, तेव्हा मला सेन यांची आठवण झाली.

पणजीबद्दल आमच्या घरात फार थोडं शिल्लक होतं. ती गेली तेव्हा आजी दोन वर्षांची होती. पणजोबांनी दुसरं लग्न केलं, सावत्र आईनं आजीला मायेनं वाढवलं, आणि बहुधा म्हणूनच पहिल्या आईबद्दल विचारायचं राहून गेलं. आजीला तिचं सासरचं नाव ठाऊक होतं, ते एका देवीचं. माहेर कुठलं, मामा कोण, काही नाही. सख्खा मामा असता तर तो भाचीला भेटायला येत का नसे, हा प्रश्न मला लहानपणापासून पडायचा.

वाट मावशीनं दाखवली. आजी जात्यावर बसली की ज्या ओव्या म्हणायची त्यांत आत्या सासू झाल्याचं कौतुक असायचं. आजीची स्वतःची सासू काही तिची आत्या नव्हती. मावशीनं तरुणपणी एकदा विचारलं होतं, आणि आजी म्हणाली होती, "ही माझ्या आईची ओवी. तिला आत्याच्या घरी दिली होती." दोन वर्षांच्या पोरीला आईची ओवी कशी आठवणार? तिला ती शेजारच्या बायकांनी शिकवली असणार, तुझी आई असं म्हणायची म्हणून. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. बायकांनी आपल्या माहेरची गावं, भावांची नावं, नद्या, वाटा सगळं त्यांत बांधून ठेवलं आहे. वंशावळ लिहिणारे इतिहासकार या संग्रहाकडे वळत नाहीत याचं मला मनापासून वाईट वाटतं. बखरी आणि महजर जेवढ्या आदरानं वाचले जातात, तेवढ्याच आदरानं या ओव्या वाचल्या गेल्या पाहिजेत.

आत्याच्या घरी भाची सून जाणं ही महाराष्ट्रातल्या अनेक समाजांतली जुनी रीत. इरावती कर्व्यांनी भारतातल्या नातेसंबंधांवर १९५३ साली जो ग्रंथ लिहिला त्यात उत्तर आणि दक्षिण यांच्या मध्ये उभ्या असलेल्या महाराष्ट्राची ही खूण नोंदली आहे : इथे मुलगा मामाची मुलगी करतो. मावशीचं वाक्य ऐकलं आणि कर्व्यांचं ते प्रकरण माझ्या डोक्यात एकदम जिवंत झालं. पणजी आत्याच्या घरी दिली असेल, तर तिची सासू तिच्या बापाची बहीण. म्हणजे सासूचं माहेर तेच पणजीचं माहेर. आणि वहीतल्या त्या पानावर सासू आणि सून दोघी एकाच महिन्यात गेल्या होत्या. दोन घरांना बांधणाऱ्या दोन्ही बायका गेल्यावर त्या वाटेनं यायला कोणी उरलं नाही. मामा का आला नाही याचं उत्तर मला तिथे मिळालं.

आता पणजोबांच्या आईचं माहेर शोधायचं होतं, आणि त्यासाठी मी नाशिकला गेले. रामकुंडावर गावाचं आणि कुळाचं नाव सांगितलं की कुठल्या उपाध्यायांकडे जायचं ते लोक सांगतात. त्यांच्या घरात लाल कापडात बांधलेल्या लांबट वह्यांची कपाटं आहेत. संगमनेर तालुक्यातली गावं एका बाजूला. उपाध्यायांनी वयोमानानं थरथरणाऱ्या हातानं वही काढली आणि आमच्या घराण्याची पानं सहज उघडली, जणू काल कोणी येऊन गेलं होतं. श्राद्धात बापाच्या तीन पिढ्यांबरोबर आईच्या बापालाही पिंड द्यायचा असतो, म्हणून मातामहाचं नाव विचारलं जातं. सरकारी दप्तराला ज्या नात्याची कधी गरज पडली नाही, ते विधीला लागत होतं. नोंद होती शके १८४०, कालयुक्तनाम संवत्सर, पौष महिना, म्हणजे मानमोडीनंतर दोन-तीन महिन्यांनी. पणजोबा मातुश्री आणि कुटुंब यांच्या अस्थी घेऊन आले होते. दोघींची नावं लिहिलेली आहेत. खाली बाप, आजा, पणजा. मग मातामहाचं नाव आणि त्याचं गाव : तालुके जुन्नर. शेवटी 'दस्तुर खुद्द', आणि पणजोबांची ओबडधोबड मोडी सही.

त्या सहीवरून मी बोट फिरवलं. तेवीस-चोवीस वर्षांचा माणूस, मागे दोन वर्षांची पोर, हातात दोन गाठोडी. त्याच्याबद्दल मला तोवर काही वाटलं नव्हतं. त्या दिवशी वाटलं.

डीएनएची गोष्ट यानंतरची. माझ्या बहिणीची मुलगी अमेरिकेत असते. तिनं मावशीसाठी आणि माझ्यासाठी चाचणीचे संच आणले. एका नळीत लाळ द्यायची, बस. मावशीची चाचणी करायचा आग्रह माझा होता. प्रत्येक पिढीत आईबापांची गुणसूत्रं पत्त्यांसारखी पिसली जातात आणि निम्मीच पुढे जातात. पणजीचा सरासरी एक अष्टमांश वाटा माझ्यात असेल, पण मावशीत तो एक चतुर्थांश आहे, कारण पणजी तिची आजी. अशाच आठ-दहा पिढ्या मागे गेलं की काही पूर्वजांचा एक तुकडाही आपल्यात उरत नाही. ते आपले पूर्वज असतातच, शरीरात मात्र त्यांची खूण राहत नाही. म्हणून घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाची चाचणी आधी करावी.

निकालात भारताच्या पश्चिम आणि दक्षिण भागाचे काही टक्के आले. त्यांना मी फार महत्त्व देत नाही. हे टक्के आज जिवंत असलेल्या माणसांच्या नमुन्यांशी तुलना करून काढतात, आणि जगातल्या या कंपन्यांकडे भारतीय गावांचे नमुने थोडे आहेत. दूरचे भाऊबंद म्हणून जी नावं आली त्यांत न्यू जर्सीतलं एक मूळचं बारामतीकडचं कुटुंब होतं. आम्ही पत्रं लिहिली, फोटो पाठवले, पण दोन्ही घरांचा एक पूर्वज काही सापडला नाही. याचं कारण आपल्या समाजरचनेतच आहे. हैदराबादच्या सीसीएमबीतले लालजी सिंग आणि के. थंगराज, अमेरिकेतले डेव्हिड राइश, प्रिया मूरजानी यांनी २०१३ साली दाखवून दिलं की, साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी भारतातले लोकसमूह मोठ्या प्रमाणावर एकमेकांत मिसळले आणि नंतर हे मिसळणं थांबलं, जातीजातीत लग्नं होऊ लागली. शेकडो वर्षं त्याच वर्तुळात, त्यातही मामाची मुलगी करत लग्नं झाल्यावर, पन्नास पिढ्यांपूर्वीचे पूर्वज दोन-दोन वाटांनी आपल्यात येतात आणि लांबचं माणूस संगणकाला जवळचं वाटतं. मावशीच्या निकालात आणि त्या कुटुंबाच्या निकालात समान असलेले तुकडे या जुन्या वर्तुळाची साक्ष देतात, चार-पाच पिढ्यांच्या भावकीची नव्हे.

एक गोष्ट इथे स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण मला ती वारंवार विचारली गेली. अशा चाचणीतून जात कळत नाही. गोत्र किंवा देवक कुठल्याही गुणसूत्रावर लिहिलेलं नसतं. आणि चाचणी करण्याआधी घरच्यांशी बोलावं. आपण दिलेली लाळ आपल्या भावंडांची, मुलांची, अजून न जन्मलेल्या नातवंडांचीही माहिती देत असते. ट्वेंटीथ्री अँड मी या कंपनीकडे दीड कोटी माणसांचे नमुने जमा होते. २०२५ च्या मार्चमध्ये तिनं दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा त्या माहितीचा मालक उद्या कोण असेल हा प्रश्न जगभर विचारला गेला, आणि तो योग्यच होता. शिवाय घराघरांत झाकलेली सत्यं असतात. बाप म्हणून ज्याला ओळखलं तो बाप नव्हता, हे एखाद्या म्हाताऱ्या माणसाला संगणकाच्या पडद्यावर कळावं असं मला वाटत नाही. मावशीला मी हे सगळं आधी सांगितलं होतं. तिनं विचार करायला आठवडा घेतला.

आमच्या निकालातला जो भाग माझ्या मनात रुजला तो मात्र निराळा होता. पेशीत केंद्रकाबाहेर मायटोकॉन्ड्रिया असतात, त्यांचा स्वतःचा छोटा डीएनए असतो, १६,५६९ जोड्यांचा. केंद्रकातला डीएनए तीन अब्ज जोड्यांचा आहे, त्यापुढे हा अगदी चिमुकला. पण हा पिसला जात नाही. आई तो सगळ्या मुलांना देते, मुलगे तो पुढे देऊ शकत नाहीत, मुली देतात. माझ्याकडचा मायटोकॉन्ड्रिया आईचा, आईचा आजीचा, आजीचा पणजीचा. हजारो वर्षांत एखादं अक्षर बदललं तर बदललं. आमची शाखा 'एम' अक्षराखाली येते. भारतातल्या निम्म्याहून जास्त माणसांची तीच आहे, हजारो वर्षांपूर्वी या भूमीत आलेल्या बायकांची. मुलग्यांकडून मुलग्यांकडे जाणारं वाय गुणसूत्रही असंच अखंड जातं, पण त्या बाजूला आडनाव आहे, सातबारा आहे, वही आहे. या बाजूला एवढंच आहे.

सिंधू संस्कृतीतल्या राखीगढीच्या दफनभूमीतल्या सांगाड्यांचे ६१ नमुने डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासून घेतले, तेव्हा अभ्यास करण्याजोगा डीएनए एकाच सांगाड्यातून निघाला. तो एका बाईचा होता. २०१९ च्या शोधनिबंधात तिला आय-६११३ असा क्रमांक आहे. तिची मायटोकॉन्ड्रियाची शाखा, यू२बी२, आजही दक्षिण आशियात आढळते. सिंधू संस्कृतीबद्दलचे मोठमोठे वाद तिच्या नावावर, म्हणजे क्रमांकावर, झडले. मला त्या वादांपेक्षा ती स्वतः जास्त जवळची वाटते. साडेचार हजार वर्षांनी तिच्याबद्दल निश्चित सांगता येतं ते तिच्या आईकडून आलेलं.

जुन्नर तालुक्यातल्या त्या गावी मी मावसभावाला घेऊन गेले. आडनाव विचारत विचारत नदीकाठच्या मळ्यात पोहोचलो. घरातल्या सगळ्यांत वयस्कर होत्या एक सूनबाई, नव्वदीला आलेल्या, पणजीच्या भावाच्या सूनबाई. मी सासरचं नाव सांगितलं तेव्हा त्यांना काही उमगलं नाही. आत्या आणि भाची एकाच घरात दिल्या होत्या, मानमोडीत दोघी गेल्या, असं म्हटल्यावर त्या उठून बसल्या. "आमच्या सासूबाई सांगायच्या की," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी एका नदीचं नाव घेतलं. पणजीचं माहेरचं नाव. मळ्याखालून वाहणाऱ्या नदीचं नव्हे, फार लांबच्या, पवित्र नदीचं. एकशे सात वर्षांनी ते नाव आमच्या कुळात परत बोललं गेलं. मावसभाऊ बाहेर जाऊन उभा राहिला.

मी त्या घरातल्या मुलांकडे पाहत होते. नाक, कपाळ, उभं राहायची ढब, कुठे काही आजीचं दिसतंय का. ते सगळे पणजीच्या भावाचे वंशज. तिचं रक्ताचं माहेर हेच. पण मी ज्या धाग्याला धरून इथवर आले होते तो मायटोकॉन्ड्रियाचा धागा या घरात कोणाकडेच नव्हता. पणजीच्या भावाला तो मिळाला होता, त्याच्या मुलांना त्यांच्या आईचा मिळाला. पणजीला तो तिच्या आईकडून आला होता, आणि तिची आई या घरात सून म्हणून आली होती. तिथे उभं राहून मला हे नीट कळलं. बापाची ओळ एका गावात राहते, तिथली जमीन कसते, तिथल्या वहीत लिहिली जाते. आईची ओळ दर पिढीला गाव सोडते. अकोले तालुक्याच्या डोंगरातून जुन्नरच्या मळ्यात, तिथून संगमनेरला, तिथून आमच्या आजोबांच्या गावी, मग मुंबईला, आता बहिणीची मुलगी अमेरिकेत. दर मुक्कामी तिचं नाव बदललं, आडनाव बदललं, आणि शरीरातला तो छोटा मजकूर जसाच्या तसा पुढे गेला. मला मुलगा आहे, म्हणजे माझ्यापुरतं ते थांबेल. बहिणीच्या मुलीला गेल्या वर्षी मुलगी झाली.

अकोले तालुक्याचं मी म्हटलं ते याच भेटीत कळलं. निघताना मी सूनबाईंना विचारलं, "पणजीची आई कुठली होती?" त्यांनी डोळे मिटून सासूबाईंच्या तोंडचं काही आठवून पाहिलं. "मुळेकडची. कोतूळच्या अलीकडं कुठंतरी. ब्राह्मणवाड्याच्या घाटानं डोक्यावर बोचकं घेऊन यायची म्हणत." गावाचं नाव दोनदा चुकवून तिसऱ्यांदा त्यांनी सांगितलं.

परतीच्या वाटेवर आळेफाट्यावरून मी मावशीला फोन केला. आधी नदीचं नाव सांगितलं, ते तिनं हळू आवाजात दोनदा म्हणून पाहिलं. मग मुळेकाठच्या गावाचं सांगितलं. आता सत्त्याऐंशी वर्षांची आहे ती, गुडघे दुखतात. "दिवाळीनंतर जाऊ," ती म्हणाली, "मीही येणार. आणि तिथं कोणी भेटलं तर आधी त्यांच्या आईचं माहेर विचार, बाकीचं मागनं."